क्रेटचं वजन

मुलगी नववीत शाळेच्या कबड्डी संघात निवडली गेली, तेव्हा मी कुणाचं काही न ऐकता ठरवून टाकलं की हिला आता दाबून खायला घालायचं. सासूबाई म्हणाल्या, मुलीच्या जातीला एवढं कशाला? मी म्हटलं, चढाईला लागणारा दम काय हवा खाऊन येतो? त्या दिवसापासून नाचणीच्या भाकरीवर तूप, दोन अंडी, सुक्या बोंबलांचं कालवण, शिवाय येताजाता केळी.

वजनाची मर्यादा असते हे मला ठाऊक होतं, अगदीच अडाणी नाही मी. तिच्या गटात पंचावन्न किलोच्या वर गेलं की खेळू देत नाहीत. म्हणून चिखल्याला ज्या वाडीत मी चिकू निवडायला जाते, तिथल्या काट्यावर दर रविवारी तिला उभी करायचे. कधी त्रेपन्न, कधी चोपन्न. मग काय, वाढा आणखी.

डहाणूतले सामने जिंकून पोरी जिल्ह्याला गेल्या. जिल्ह्याचे सामने तलासरीला होते. दोन दिवस आधी संध्याकाळी ती शाळेतून आली आणि दप्तर न काढताच दारात उभी राहिली.

"सरांनी आज सगळ्यांची वजनं केली. माझं छप्पन्न भरलं."

"शाळेचा काटा बिघडला असेल," मी म्हटलं. "आपल्या वाडीतला काटा व्यापाऱ्याचा आहे, तो चुकायचा नाही."

तावातावाने सरांना फोन लावला. ते बिचारे शांतपणे म्हणाले, "ताई, परवा सकाळी तिथे वजन होणार. तोवर भात, तूप बंद. पाणी मात्र पिऊ द्या."

दुसऱ्या दिवशी वाडीत गेले ती काट्याची परीक्षा घ्यायलाच. सवयीने रिकामा क्रेट ठेवला, तर आकडा आला शून्य. क्रेट उचलला, तर उणे दोन. चिकूच्या वजनात क्रेट धरला जाऊ नये म्हणून तेवढे दोन किलो काट्यातून आधीच वजा करून ठेवतात. आणि रोज सकाळी काटा असा लावतं कोण, तर मीच. इतके आठवडे पोरीच्या अंगातून मी क्रेट वजा करत होते आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल, निदान 'तुझ्यामुळे झालं' एवढं तरी म्हणेल. ती एक शब्द बोलली नाही. बूट घातले, समुद्रावर पळायला गेली. आली, वरणाचं पाणी प्यायली, काकडी खाल्ली, भिंतीकडे तोंड करून झोपली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. त्या गप्प बसण्याने मी पुरती खचले. वर्षभर राबलेली पोर माझ्या हौसेपायी मैदानाबाहेर बसणार, हे एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

तलासरीच्या मैदानावर वजनासाठी पोरींची रांग लागली. आम्हा पालकांना दोरीच्या अलीकडे थांबवलं होतं. ती काट्यावर चढली. सरांनी वाकून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि माझ्याकडे वळून ओरडले, "चोपन्न आठशे, ताई!"

माझा जीव भांड्यात पडला.

ती आली आणि थेट डबा उघडून बसली. भाकरी भराभर मोडत होती. मला राहवेना. म्हटलं, "बाय, कालपासून बोलली नाहीस. एवढा राग आला होता?"

तिने मान हलवली. "राग कसला? मी काही बोलले असते तर तू रडली असतीस. मग मी पण रडले असते. आणि मला तर पळायला जायचं होतं."

बाटलीतलं पाणी प्यायली, हात माझ्या पदराला पुसले आणि मैदानाकडे पळाली. मग मात्र मी रडून घेतलं, सगळ्या पालकांच्या देखत, अगदी पोटभर.