काटे नसलेली चकली

आमचं घर बिबवेवाडीत आणि मशीनची शेड वाघोलीला. त्यामुळे नवऱ्याचा आणि माझा निम्मा संसार सिग्नलला गाडीत बसून होतो. शेडमध्ये आमची सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशीनं आहेत. लोक पंपाचे, गाड्यांचे, कसले कसले सुटे भाग करायला देतात आणि कुठला धातू, कुठलं मशीन, किती बारीक माप, हे आम्ही ठरवतो. या धंद्याने माणूस बिघडतो. घरी पोळपाट डुगडुगला तर नवरा आधी त्याचा पाय किती आखूड आहे ते मोजतो. पोळ्या थांबून राहतात.

गेल्या वर्षी सासूबाईंचा उजवा खांदा मोडला आणि नीट जुळला नाही. त्या दिवाळीला चकल्या विकतच्या आल्या. त्यांनी एक खाल्ली, "छान. खोकंही असंच लागत असेल," म्हणाल्या, आणि त्यानंतर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. काय करू विचारलं की "तुम्हाला आवडेल ते." ज्या बाईने वर्षानुवर्षं माझ्या फोडणीला नावं ठेवली, तिचं हे बोलणं मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वरणात लसूण घालायला मोकळी झाले. पण त्या दिवसभर नुसत्या खिडकीशी बसायला लागल्या, तेव्हा मला भीती वाटली.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्यांनी सोऱ्या टेबलावर आणून ठेवला. वरचा दांडा फिरवून चकली पाडायचा, जुना, पितळी. म्हणाल्या, "हा मोडीत घाला. मला फिरवता येत नाही आणि तुम्ही काही फिरवणार नाही."

नवऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आटे झिजलेत. चकतीही." आमच्या घरात माया ही अशीच व्यक्त होते.

दुसऱ्या दिवशी येरवड्याच्या सिग्नलपासूनच सोऱ्याचे नवे भाग कसे करायचे यावर वाद सुरू झाला. आटे बारीक पाडायचे, म्हणजे फेऱ्या जास्त पण जोर कमी, आणि दांडा लांब, एवढ्यावर एकमत झालं. मग धातू.

"पितळ घेऊ. मशीनवर लोण्यासारखं कापतं," तो म्हणाला.

"आपल्या पितळात शिसं असतं म्हणून कापतं. ते आईंच्या पोटात घालणार का?"

"मग सगळंच स्टील."

"स्टीलमध्ये स्टील फिरलं की घासून अडकतं. परवाच एक नट कापून काढलास."

शेवटी दांडा आणि खालची चकती स्टीलची, आणि दांडा ज्यात फिरतो तो झाकणातला नट गनमेटलचा, म्हणजे कांस्याचा, ठरला. पिठाचा त्याच्याशी संबंध येत नाही. चकतीतली चांदणी मिलिंगवर, म्हणजे फिरत्या टूलने कोरून, करावी असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मिलिंगचं टूल गोल, ते चांदणीच्या टोकात शिरणार कसं? मग वायरकट. विजेच्या तारेने कापायचं, टोकं अगदी अणकुचीदार. मुलीचं लग्न जुळवतानाही लोक इतकी चिकित्सा करत नाहीत.

वाघोलीचेच आमचे जुने ऑपरेटर ड्रॉइंग बघून म्हणाले, "वहिनी, ह्यो कुठल्या गाडीचा पार्ट हाय?" मी म्हटलं, घरच्या. त्यांनी तो जीव ओतून केला. चकतीत तोंड दिसत होतं.

घरी पहिली चकली मी पाडली. सासूबाई दाराशी उभ्या. पीठ सुरेख उतरलं, अगदी गुळगुळीत. एकही काटा नाही.

त्यांनी ती उचलून पाहिली. "कडबोळी म्हणून खपतील," म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

आम्ही दोघं चकती घेऊन ड्रॉइंग उघडून बसलो. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक वाक्य आपोआप छापून येतं: सर्व धारा मोडा. पार्टला धार राहिली तर गिऱ्हाइकाचा हात कापतो. तेव्हा आमच्या माणसाने नियमाप्रमाणे चांदणीची कड न् कड घासून, वर पॉलिशही केलं होतं. ज्या धारेवर चकलीला काटा फुटायचा, तीच आम्ही मोठ्या काळजीने मोडली होती. नवऱ्याला हसू आवरेना. मला मात्र रडू येत होतं, कारण सोऱ्या अजूनही मोडीत जाणार होता.

दुसरी चकती वायरकटवरून काढली ती थेट धुऊन घरी आणली. पॉलिश नाही, काही नाही. या वेळी मी सोऱ्या भरून त्यांच्यासमोर धरला. "आई, तुम्हीच बघा. माझ्याने नाही होत."

"ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या. ओट्याशी येऊन दांडा धरला. दांडा हलेना. नवरा पुढे झाला, तसं मी त्याला कोपराने मागे सारलं. दांडा फिरला. त्या थांबल्या, पुन्हा फिरवला, आणि कागदावर काटेरी चकली वळत गेली. मग दुसरी. खांदा दुखत असणार, पण त्या घाणा पुरा होईपर्यंत बसल्या नाहीत.

मी तळत होते. त्यांनी गार झालेली एक मोडून तोंडात टाकली. "भाजणी कोणी भाजली?"

"मी."

"कच्ची आहे. पुढची माझ्यासमोर भाज."

वर्षभरात मला कोणी असं बोललं नव्हतं. इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तोंड फिरवून मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

"जाणारच. तेल केवढं तापवलंयस," त्या म्हणाल्या. "गॅस बारीक कर."

मी गॅस बारीक केला.