घाट न चढणारी होडी

काहीही म्हणा, पण ‘पोरीला फसवलं’ असं म्हणू नका. मला कुणी फसवलेलं नाही. होडी मी निवडली, अंगावर पाणी घेऊन निवडली. कशी, ते आधी ऐका.

दादाच्या ट्रकात डहाणूच्या व्यापाऱ्याचा कांदा होता. तो तिथं उतरवायचा, रिकाम्या ट्रकात तिथंच विकत घेतलेली होडी घालायची आणि इथं नाशिकला गंगापूर धरणात आणून सोडायची, असं घरी ठरलेलं. आई म्हणाली होती, “धरणात कर काय करायचं ते. डोळ्यासमोर राहशील.”

तुम्हाला जायचं असेल तर त्र्यंबक-मोखाडा-जव्हार हा रस्ता धरा. वळणं पोट ढवळतात, म्हणून जव्हारपर्यंत नुसता चहा घ्या. भजी तिथं गेल्यावर. पुढे उतार संपतो, चिकूच्या वाड्या लागतात आणि हवा खारट होते.

डहाणूच्या कोळीवाड्यात काशिनाथकाकांनी नव्या होडीला इंजिन बसवलं होतं, म्हणून शिडाच्या जुन्या दोन विकायला काढलेल्या. किंमत सारखीच. मी दोन्ही चालवून पाहिल्या.

लहान होडी देखणी, सुळकन पळणारी. खाडीबाहेर वारा वाढला तशी ती एका अंगावर झुकली आणि मी डब्यानं पाणी उपसत बसले. दुसरी बुटकी, जाड फळ्यांची, निघायलाच वेळ लावणारी. पण लाट खालून गेली की पुन्हा आपली सरळ. शीड मला एकटीला उतरवता आलं. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, फळ्यांचं छप्पर, खाली एका माणसाला झोपता येईल आणि स्टोव्ह ठेवता येईल एवढी जागा. तिथं आडवी झाले तर कानाशी, लाकडापलीकडे, पाणी. पहिली होडी घेताना वेग बघू नका. एवढंच बघा.

किनाऱ्यावर दादा दोरीनं मापं घेत होता.

“ही बसते ट्रकात,” लहान होडीवर थाप मारून तो म्हणाला.

“आणि ती?”

“तिला घाटात वळवू कुठं, शैले? ट्रकसकट दरीत जाऊ.”

“मग ती इथंच राहील.”

“आणि तू?”

मी काकांना विसार दिला. जाड होडीचा.

रात्री काकूंनी तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील वाढले. “आमची पोरं शिडाला हात लावत नाहीत आता. तू कुठं जाणार गं हिला घेऊन?”

“गोव्यापर्यंत.”

“आधी भाकरी संपव,” काकू म्हणाल्या.

परत येताना ट्रक घाटभर खडखडत होता. जव्हारला दादा भज्यांचा पुडा माझ्या हातात देत म्हणाला, “आईला तू सांगायचं. मी नाही.” मग गिअर टाकता टाकता, “मीही तीच घेतली असती.”

दारात अख्खी गल्ली होडी बघायला जमली होती. ट्रक रिकामा. त्या दिवसापासून तुमचं चाललंय, पैसे गेले, होडी नाही, पोरीला फसवलं, फसवलं.

मागं काय उरलं म्हणाल, तर तळहातावर दोराचा वळ आहे. आणि एक क्षण. मी सुकाणूवरचा हात काढला होता, तरी ती जाड होडी सरळ चालत राहिली, आणि मला तिला परत फिरवावंसं वाटेना. नाशिक सोडायचं ते मी तिथं ठरवलं. लहान होडी आणली असती तर तुम्ही सगळे टाळ्या वाजवत धरणावर आला असता, आणि मी जन्मभर काठाकाठानं फिरले असते.

आईनं रात्री स्टोव्ह घासून पिशवीत ठेवला. आत्ता ती दारात उभी आहे. तिला काहीतरी म्हणायचंय, तुम्हालाही दिसतंय. पण डहाणूला निघालेला दादा खाली हॉर्न वाजवतोय.

निघाले मी.