होजिच म्हणजे मास्तरांच्या घरचा

रावेरला केळी पॅकिंगच्या एका शेडमध्ये शीतगृहाची मशीन बसवायला बोस्नियाचा इंजिनिअर आला होता. तो इंग्रजी बोलायचा. शेडचे मालक, म्हणजे आबा, यांना ते कळायचं नाही, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. आईने याच भागातल्या बागांत केळीचे घड वाहून मला धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात शिकवलं. घरातला मी पहिला पदवीधर. आबा चारचौघांत मला ‘सर’ म्हणायचे आणि त्याचेही मला उपकार वाटायचे.

तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झाली. आबा खुशीत होते.

“आज पाहुन्याले घरी जेवाले नेऊ. वरण-बट्टी करायले सांगितली. सर, त्याले इचारा तरी, आडनाव काय?”

तीन दिवस आम्ही त्याला नावानेच हाक मारत होतो.

“होजिच,” तो म्हणाला आणि हौसेने सांगू लागला. होजा म्हणजे मुलांना धर्म आणि अक्षरं शिकवणारा. शब्द तुर्कीतून आलेला, मुळात फारसी, आपल्या ‘ख्वाजा’चाच भाऊबंद. शेवटचं ‘इच’ म्हणजे त्याचा मुलगा, त्याच्या घरचा. कुणी खापरपणजोबा गावात शिकवत असणार, एवढंच त्याला माहीत होतं. मग चहाचा कप फिरवत म्हणाला, “आमची आणि शेजाऱ्यांची भाषा एकच, चेहरेही सारखे. नव्वदच्या दशकातल्या लढाईत नाक्यानाक्यावर कागदावरचं आडनाव तेवढं बघून माणूस कुणातला ते ठरवायचे.”

मी आबांना सांगितलं, “मास्तरांच्या घरचे आहेत.”

“वा! म्हनजे त्यायच्यातले बामनच म्हना ना!” आबा म्हणाले. शेडमध्ये हशा पिकला.

तिथे थांबता आलं असतं. पण मला माझं शिक्षण दाखवायचं होतं. “तसं नाही आबा. मशिदीत शिकवणारे. मुसलमान आहेत ते, युरोपातले जुने मुसलमान.” लढाईचं वाक्य मात्र मी गाळलं.

आबांनी कप खाली ठेवला. “आसं?” म्हणाले. शेडच्या टोकाला जाऊन त्यांनी घरी बायकोला फोन लावला. परत आले ते फक्त माझ्याशी बोलले.

“त्याचा डबा आथी शेडवरच येईन. घरी आमची म्हातारी हाये, तिले नाही चालत. तुम्ही चला सर. तुम्ही आपलेच.”

मी बौद्ध. माझं आडनाव इथल्या शेतकरी घरांतही आहे आणि आमच्या वस्तीतही. आबांनी पहिल्या दिवशी ते विचारलं होतं आणि काय समजायचं ते समजून घेतलं होतं. मी खुलासा केला नाही. देवपूरला खोली शोधतानाही केला नव्हता. खोली मिळाली होती, तीन वर्षं टिकलीही.

‘मीही इथेच जेवतो,’ एवढं म्हणायचं होतं. ते मला जमलं नाही. मी इंजिनिअरला सांगितलं, “घरी आजी आजारी आहेत,” आणि आबांच्या गाडीत बसलो.

आजी, म्हणजे आबांच्या आई, ठणठणीत होत्या. त्यांनीच माझ्या ताटात बट्टी कुस्करून वर तूप ओतलं. मग दाराकडे बघून आबांना म्हणाल्या, “पाहुना काहून नाही आला रे? त्याच्यासाठी मी मिरच्या कमी टाकल्या व्हत्या.”

“पोट बिघडलं त्याचं,” आबा म्हणाले.

आजींनी माझ्याकडे बघितलं. “खरंच का हो सर?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. पुढे आजी आग्रहाने वाढत राहिल्या आणि मी खात राहिलो. भाजी खरंच मिळमिळीत होती.

शेडवर परतलो तेव्हा इंजिनिअर रिकाम्या क्रेटवर बसून थर्माकोलच्या पत्रावळीतलं वरण शेवटच्या बट्टीने पुसून खात होता. हात धुऊन त्याने आधी विचारलं, “आजी कशा आहेत?”

“बऱ्या आहेत,” मी म्हणालो. त्या दुपारी मी त्याच्याशी तेवढंच खरं बोललो.