बाबांची ओळ

कॉम्प्युटरवर संगीत रचणाऱ्यांनो, तुम्हाला हे लवकर समजेल.

आज उत्रोलीत बाबांच्या बँडची तालीम होती. जत्रेसाठीची धून माझी आहे. बाबा क्लॅरिनेट वाजवतात, पण आजारपणानंतर वरच्या सुरांना त्यांचा दम पुरत नाही. म्हणून मी अख्खी धून दोन सूर खाली आणली. त्यांना सांगितलं, ट्रम्पेटला सोपं जावं म्हणून.

ट्रम्पेटवाले नामाकाका पहिल्याच ओळीत अडखळले.

"नाम्या, दात पडले का रं?" बाबा हसले.

"दादा, ही पट्टी लई अवघड हाय. आदीचीच बरी व्हती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मग खाली आणलीस कुणासाठी?"

त्यांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं.

"परत वर ने. माजी ओळ नाम्याला दे."

संध्याकाळी कॉम्प्युटरवर धून परत वर नेली आणि बाबांची ओळ, म्हणजे क्लॅरिनेटचे सगळे सूर, नामाकाकांच्या ट्रम्पेटला दिली. दोन्ही वाद्यांची पट्टी एकच, त्यामुळे ती ओळ देताना सॉफ्टवेअरला एकही सूर बदलावा लागला नाही. बदलावा लागला असता तर बरं वाटलं असतं.

क्लॅरिनेटची रिकामी ओळ मात्र मी फाईलमध्ये तशीच ठेवली आहे. तुम्ही काढली असती?