वेलिकाताईची चॉकलेटं

आमच्या वॉर्डात कुणी चॉकलेटचा डबा घेऊन आलं की आम्ही समजतो, आणखी एक चालली. नोकरी सोडून जाणाऱ्याने सगळ्यांचं तोंड गोड करायचं, ही आमच्याकडची रीत. दोन वर्षांत पाच डबे आले आणि पाच नर्सा जर्मनीला गेल्या. उरलो वेलिकाताई आणि मी, आळीपाळीने एक दिवसा आणि एक रात्री. म्हणजे अठ्ठावीस खाटा आणि एक बाई.

वेलिकाताई अठ्ठावन्न वर्षांची. बुटकी, केस तांबडेभडक रंगवलेले, पाय सुजतात म्हणून बुटांच्या कडा कात्रीने कापलेल्या. पस्तीस वर्षं याच वॉर्डात काढली तिने. दन्यूब नदीकाठच्या आमच्या गावात तिने ज्याला टोचलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. डॉक्टरांना न मिळणारी शीर ती डोळे मिटून बोटाने शोधायची. एकदा एक नवरा बायकोला तपासायला उशीर होतोय म्हणून खुर्ची उगारून आला. ताईने त्याच्या हातात उलटीचं भांडं दिलं आणि म्हणाली, "बरं झालं आलास. हे धर आणि तिच्याजवळ उभा राहा, हलू नकोस." तो बापडा अर्धा तास पुतळ्यासारखा उभा होता. जाताना तिचे आभारही मानून गेला. असं काही पाहिलं की मला वाटायचं, या बाईला आतून काही होतच नसावं. आपल्यासारख्या हाडामांसाची नाहीच ती.

आणि मी? माझा राजीनामा महिनाभर माझ्या कपाटात पडून होता.

त्याचं कारण मेतोदी आजोबा. चार नंबरची खाट. मुलगे स्पेनमध्ये, फोनसुद्धा सणासुदीला. एका रविवारी दुपारी मी अकरा नंबरच्या बाईच्या मांडीतलं रक्त दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. हात सोडला असता तर ती गेली असती. तेवढ्यात चार नंबरची घंटा वाजली. एकदा, मग पुन्हा, मग बराच वेळ. मी ओरडले, पण ऐकायला होतं कोण? पंधरा मिनिटांनी मी पोहोचले तेव्हा आजोबा गेलेले होते आणि घंटेचं बटण अजून मुठीत होतं. कागदावर 'हृदय बंद पडले' एवढंच आलं. घंटेबद्दल मी कुणाला बोलले नाही. घरी जेवताना मात्र ती ऐकू यायची, हातातला घास हातात राहायचा. अजून नोकरी सोडली नव्हती ती एवढ्याचसाठी, की रोज सकाळी पाळी बदलताना ताई समोर दिसायची. ती उभी आहे तोवर आपणही उभं राहू, एवढाच माझा आधार होता.

आणि गेल्या गुरुवारी सकाळी वेलिकाताई डबा घेऊन आली.

डॉक्टर मिन्चेव कॉफी पीत होते, त्यांचा कप तसाच हवेत राहिला. आमचा वॉर्डबॉय गान्चो, म्हणायला बॉय, पण साठीचा, लगेच म्हणाला, "घ्या! चालली आपली ताई! म्युनिक की हॅम्बुर्ग? या वयात तिथल्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुणार?"

"तोंड उघड आणि खा," ताई म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी एक चॉकलेट उचललं आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "अभिनंदन हं ताई! आम्हाला खड्ड्यात लोटून मजेत राहा!"

ताईने डबा टेबलावर आदळला.

"मेलेल्याच्या नावाने दिलेलं घेतेस आणि अभिनंदन म्हणतेस? अक्कल कुठे गहाण टाकलीस, इस्क्रा? आज त्याला जाऊन चाळिसावा दिवस आहे. रीतीप्रमाणे गहू शिजवून वाटणार होते, पण काल पाळी रात्रीपर्यंत लांबली. म्हणून दुकानातून हे आणलं."

गान्चोने खाता खाता टोपी काढली. "देव त्याला क्षमा करो," असं वाटलेलं खाताना म्हणतात तसं तो पुटपुटला. डॉक्टरांनीही तेच म्हटलं, एक चॉकलेट खिशात टाकलं आणि दोघं राउंडला गेले. कोणाचा चाळिसावा, हे त्यांनी विचारलंच नाही. मला विचारायची गरज नव्हती. दिवस मीही मोजत होते.

"त्यांचं करणारं कुणी नाही म्हणून तू केलंस?" मी विचारलं.

"करणारं नसलेले ढीगभर असतात ग. सगळ्यांचं कुठून करू?" ती खुर्चीत बसली, पाय स्टुलावर टाकले. "त्या रविवारी अकरा नंबरच्या बाईने घंटा ऐकली होती. तिने मला सांगितलं. तू सांगशील म्हणून चाळीस दिवस वाट पाहिली."

मला धड रडताही येईना. "ताई, मी ऐकत होते. पूर्ण वेळ ऐकत होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग खिडकीकडे बघत तिने नावं घ्यायला सुरुवात केली. स्तोयना, जिला सारखी तहान लागायची. बाळंतीण रायना. कोळी पान्तेलेय. शाळेतले शिपाई त्सान्को. सावकाश, एकेकाच्या खाटेच्या नंबरासकट अकरा नावं. "या माझ्या घंटा. ऐकल्या आणि जाता आलं नाही. पहिली घंटा वाजली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. दर वर्षी त्यांच्या दिवशी चर्चपाशी काहीतरी वाटते. कुणी विचारत नाही, मी सांगत नाही."

एवढं सगळं उरावर घेऊन ही बाई पस्तीस वर्षं रोज सकाळी सातला येत होती, शिरा शोधत होती, गान्चोला शिव्या घालत होती. मी तिला दगडाची समजत होते. तिच्या पायांना हात लावावासा वाटला मला, त्या सुजलेल्या, कापलेल्या बुटांतल्या पायांना.

चॉकलेट माझ्या हातात विरघळायला लागलं होतं. मी ते तोंडात घातलं आणि म्हटलं, "देव मेतोदी आजोबांना क्षमा करो." चाळीस दिवसांत त्यांचं नाव पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं, आणि मग मात्र मी पोटभर रडले.

रडून झाल्यावर नाक पुसत विचारलं, "म्हणजे मेतोदी आजोबा तुझे बारावे?"

"नाही ग," वेलिकाताई म्हणाली. "ते तुझे पहिले."