तळ्याला घातलेला भात

बोनकोड्याच्या तळ्याची राखण पंढरीकडे होती. गावची शेतं नव्या शहरात गेली, तळं तेवढं उरलं. रविवारी वाशीच्या फ्लॅटांतून हौशी माणसं गळ घेऊन यायची. पंढरी त्यांना बांधावर जागा दाखवायचा आणि मोठा रोहू लागला की परत पाण्यात सोडायला लावायचा.

"सोडायचाच तर पकडायचा कशाला रे?" बँकेतले दिनानाथ कुरकुरायचे.

"तुमाला बायको सोडत्ये ना रविवारची? तसाच."

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात तळं बुजवून प्लॉट पाडायचं ठरलं. दिनानाथांनी खटपट करून प्लॉट पाडणाऱ्या कचेरीतल्या एका साहेबाला राजी केलं. साहेब भाद्रपद सरल्यावरच्या रविवारी येऊन बघणार होता. गळवाल्यांसाठी राखण्याजोगं वाटलं, तर तळं राहणार होतं.

त्याआधी सर्वपित्री आली. त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर पितरांच्या नावानं तळ्याला मूठभर भात घालायचं. पंढरी दारोदार फिरला. "औंदा मूठ नको, टोपली घाला. मासं वर आलं पायजेत, सायबाला मावरा दिसला पायजे."

"येवढा कोन खानार?" त्याची बायको सगुणा म्हणाली.

"खातील. आपल्या घरचीच हायेत ती."

गावानं हात आखडला नाही. पुढे आभाळ दाटून राहिलं, वारा पडला. तळाशी भात आंबला, पाणी काळवंडलं.

शनिवारी पहाटे सगळं तळं माशांच्या तोंडांनी भरलं होतं. "आला बघ मावरा वर," म्हणत पोरं नाचली. पंढरीही हसला. मग त्यानं नीट पाहिलं. मासे तोंडं वासून हवा ओढत होते.

तो तसाच पाण्यात शिरला आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून हातांनी पाणी बडवू लागला. मागोमाग गाव उतरलं. परातींनी, फळ्यांनी पाणी बडवलं. दुपारपर्यंत पांढरी पोटं काठाला लागली.

रविवारी साहेबानं नाकाला रुमाल लावला. "कोणी केलं हे?"

"मी," पंढरी म्हणाला.

"पंढरी एकटा नाही, गावाची रीत..." दिनानाथ सांगू लागले.

"राहू द्या. उद्या मातीचे डंपर येतील."

पंढरीनं हात जोडले. "आजचा दीस द्या सायेब. आदी मासं काढतो. तुमच्या मातीखाली नको."

साहेब होकारार्थी मान हलवून गाडीकडे गेला. दिनानाथांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्यात उतरले. पंढरी, सगुणा आणि दिनानाथ तिघं संध्याकाळपर्यंत टोपल्या भरत राहिले.

"चला आता," सगुणा म्हणाली. "काय दिसत नाय."

"हाताला लागतात अजून," पंढरी म्हणाला.