सात नंबरचं बटण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला देवाचं वेड असायचं काही कारण नव्हतं, आणि मामाला ते नव्हतंही. पण दर शनिवारी दुपारी तो पुजारी व्हायचा. थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावर बोटाएवढ्या सोंगट्या उभ्या राहायच्या आणि ताई गोष्ट सांगू लागायची: पुढे गुहा आहे, आत काहीतरी श्वास घेतंय, बोला, काय करता? मग ज्यानं त्यानं आपल्या सोंगटीचं ठरवायचं आणि फासे टाकायचे. शेजारचा दातांचा डॉक्टर चोर व्हायचा. खऱ्या आयुष्यातही तो चोरच, असं त्याचं बिल बघितलेले लोक म्हणत. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, योद्धा. आणि मामा या दोघांच्या मागे जखमा बांधत फिरायचा.

पुजाऱ्याचा नियम असा, की गोष्टीतल्या दिवसाच्या सकाळीच देवाकडे काय मागायचं ते ठरवून टाकायचं. दिवसभर तेवढंच वापरायला मिळतं. मामाला हे मनापासून पटायचं, कारण कामावरही तेच. सकाळी पिशवीत जे भरलं तेच हाताशी; वर चढल्यावर पाना आठवून उपयोग नसतो. प्रार्थनांसाठी त्यानं भंगारात निघालेल्या लिफ्टची बटणं आणली होती. एक नंबर म्हणजे जखम भरणं, दोन म्हणजे विष उतरवणं, असं पुढे. निवडलेली बटणं कपाखाली झाकायची, वापरलं की बाहेर काढायचं.

सात नंबर सगळ्यात महाग. त्या बटणावर सकाळी मनातल्या मनात एका सोबत्याचं नाव घ्यायचं. त्या दिवशी त्या सोबत्यावर जीवघेणा घाव आला, तर पुजारी तो स्वतःच्या अंगावर घेऊ शकायचा. नाव एकदा घेतलं की बदलायचं नाही. मामा दाजींचंच घ्यायचा. दाजींना त्याचं कौतुक बेताचंच होतं. साधं खरचटलं तरी हा धावत येतो म्हणून ते टेबलावर हात आपटत ओरडायचे, "अरे, माझ्यावर फुकट घालवू नकोस! त्या चोराकडे बघ आधी!"

तीन वर्षांपूर्वी दाजी झोपेतच गेले. काही महिन्यांनी टेबल पुन्हा मांडलं गेलं, तेव्हा ताईनं योद्ध्याची सोंगटी नकाशाच्या कडेला ठेवली, "योद्धा मागून येतोय," एवढंच सांगितलं आणि पुढची गोष्ट सुरू केली. तेव्हापासून तो मागूनच येत होता. त्याचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही.

मग घरात सून आली. ती पोहायला शिकवायची, त्यामुळे बोलणं कायम तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं. तिला देवाकडून शक्ती घेणारंच पात्र हवं होतं, आणि अशी दोन पात्रं एका टोळीत ताई चालू देत नसे.

"मामा, राग मानू नका," सून म्हणाली, "पण देववाल्यांत तुमचा पुजारी सगळ्यात ढिला. धर्मवीर जखमही भरतो आणि तलवारही चालवतो. माझी वनसाधक जखमाही भरते, अस्वलही होते, शिवाय लांडगा पाळते. तुमचा काय करतो? चिंध्या बांधतो!"

"पुजारी रोज नवीन मागू शकतो," मामा म्हणाला. "उद्या वाटलं तर आकाशातून आग मागेल. अस्वलाला येतं ते?"

"मागू शकतो, पण मागतो कधी? तुमची बटणं तीच ती!"

डॉक्टरनं आगीत तेल ओतलं. म्हणाला, "हातच्या काकणाला आरसा कशाला? एकच लढाई दोनदा खेळा."

तसंच ठरलं. तोच पूल, तेच शत्रू. ज्याच्या वेळी टोळी जास्त टिकेल तो पुढच्या गोष्टीत जाणार, दुसऱ्याची सोंगटी कायमची पत्र्याच्या डब्यात. मामा हसून "हो" म्हणाला, पण त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष नव्हतं. एका इमारतीत तो पानाच विसरून गेला. असं आजवर झालं नव्हतं.

शनिवारी आधी सून खेळली. अस्वलानं पूल दणाणून सोडला, लांडग्यानं दोघांना खाली पाडलं, चोर शीळ घालत पार झाला. मग मामाची पाळी. त्यानं बटणं कपाखाली सरकवली. बाण आले, जखमा झाल्या, बटणं एकेक करून बाहेर निघाली. शेवटी चोराच्या छातीत भाला बसला.

"अरे, एक राहिलंय तुझ्याकडे!" डॉक्टर ओरडला. "वाचव की मला!"

मामा हलला नाही. सुनेनं कप उचलला. खाली सात नंबर होतं.

"मामा, हे का नाही वापरत?"

"त्यावर नाव दुसऱ्याचं आहे."

"कुणाचं?"

मामा नकाशाच्या कडेला बघत राहिला. सुनेनंही तिकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"तीन वर्षं? दर वेळी?"

"मागून येतोय म्हणालीस ना तू," मामा ताईला म्हणाला. "आला असता तर?"

ताईनं फासे गोळा केले. "चोर मेला. पुजारी हरला. नियम तो नियम."

मामानं मान डोलावली. हरल्याचं त्याला फारसं वाटलं नाही. पुढच्या सकाळपासून ते नाव घ्यायचं नाही, याचं मात्र फार वाईट वाटलं. तो सोंगटी उचलायला वाकला.

"थांब," ताई म्हणाली. "लढाई संपल्याचं मी सांगितलेलं नाही."

तिनं कडेची सोंगटी घेतली आणि पुलाच्या मधोमध ठेवली. "योद्धा मागून आला. त्याच्यावर कुऱ्हाड पडतेय." फासे टाकून तिनं ते हातानं झाकले. "घाव जीवघेणा आहे. पुजारी काय करतो?"

मामानं बटण दाबलं. जुनी स्प्रिंग शाबूत होती, टक्क वाजली.

ताईनं पुजाऱ्याला आडवं केलं. योद्ध्याला हळूहळू सरकवत पुलाच्या त्या टोकाला नेलं. "पोचला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवले नाहीत. दोन्ही सोंगट्या एकाच डब्यात गेल्या.

पुढच्या शनिवारी मामा नवीन सोंगटी घेऊन आला. साधा भालेवाला, देवाशी काही देणंघेणं नसलेला. पहिल्याच वळणावर त्याला बाण लागला, आणि सुनेनं लगेच त्याची जखम भरायला फासे उचलले.

"अगं, माझ्यावर फुकट घालवू नकोस!" मामा टेबलावर हात आपटून ओरडला. "त्या चोराकडे बघ आधी!"

मग त्याचं लक्ष स्वतःच्या आपटलेल्या हाताकडे गेलं. ताईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गोष्ट पुढे सुरू केली.